नऊ मतांचं मैदान

ब्रेनॉक, मिशिगन
२२ जानेवारी १९९६

चि. लिओ यास,
वांडाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

संत्र्यांची पेटी पोचली. पोस्टमन ती मागच्या पायरीवर ठेवून गेला आणि मी चर्चमधून घरी येईपर्यंत थंडीनं आपलं काम चोख केलं. वरची ओळ वाचली, खालची फेकून मारायच्या कामाची झाली आहे. ॲरिझोनात राहिलं की माणसाला जानेवारी म्हणजे काय याचा विसर पडतो. तरी कॉनीला सांग, वाचलेल्यांचा मुरंबा घातला आहे आणि तो उत्तम झाला आहे.

आता खरी बातमी. आपल्या क्वॉरी फील्ड मैदानावर संकट आलं आहे. आपला स्टोनकटर्स बेसबॉल संघ गेल्या वर्षी व्हिटकॉम्ब नावाच्या माणसानं विकत घेतला, हे तुला मागे लिहिलंच होतं. त्याला आता हायवेलगत नवं कोरं स्टेडियम हवं आहे. दोन कोटी ऐंशी लाख डॉलर लागतील, त्याचे चारातले तीन हिस्से गावानं घालायचे. नाही घातले तर संघ उचलून इंडियानात नेईन, असं त्यानं नगर परिषदेत हसत हसत सांगितलं. दात फार पांढरे आहेत त्याचे.

यावर आम्ही काही जणांनी दुसरा प्रस्ताव मांडला आहे. जुनं मैदान गावाचं आहे, ते गावाचंच राहू दे. चौसष्ट लाखांचे रोखे काढून छप्पर, बाकं, शौचालयं आणि दिवे नीट करू, आणि संघानं भाडं भरून मुकाट खेळावं. सव्वीस मार्चला मतदान आहे. समितीची अध्यक्ष कोण, हे तू ओळखलंच असशील. चाळीस वर्षं पाचवीच्या वर्गाला गप्प बसवलेल्या बाईला घरी स्वस्थ बसवत नाही.

तर माझं काम असं. बाबांचा हातोडा घेतलेला फोटो तुझ्याकडे आहे, तो पाठव. आम्ही पत्रक काढतो आहोत आणि त्याच्या पहिल्याच पानावर बाबांची गोष्ट घालणार आहोत. पस्तीस साली हे मैदान नऊ मतांनी मंजूर झालं, आणि बाबा जन्मभर सांगत आले, नऊ मतं, आणि त्यातलं एक माझं! याहून चांगली गोष्ट कुठून आणायची? एका मतानं काय होतं म्हणणाऱ्यांची तोंडं त्यानंच बंद होतील.

तुझ्या छातीचं दुखणं कसं आहे? डॉक्टरचं ऐकतोस की कॉनीला फक्त तसं भासवतोस?

लोभ आहेच, तो असाच राहू दे. पेटी मात्र यापुढे मेमध्ये पाठव.
तुझी,
वांडाताई

*

टूसॉन, ॲरिझोना
३ फेब्रुवारी १९९६

ती. वांडाताईस,
लिओचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. व्हिटकॉम्बची मला दया आली. त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही की समोर कोण उभं आहे. मला ठाऊक आहे, कारण आजारपणानं दोन वर्षं मागे पडून पाचवीत मी तुझ्याच नव्या वर्गात आलो आणि सख्खा भाऊ असूनही तू मला दोनदा कोपऱ्यात उभं केलं होतंस.

फोटो पाठवतो आहे. बाबा भिंतीसमोर उभे आहेत, मागे त्यांनी बसवलेला तो कोपऱ्याचा दगड, आणि मिशांवर धूळ इतकी की मिशा पांढऱ्या वाटतात. कितीदा पाहिला तरी मला या फोटोत त्यांच्या हातांकडेच बघावंसं वाटतं. चौदा महिने कामावाचून बसलेल्या माणसाचे ते हात आहेत, आणि काम मिळाल्यावर त्यांनी काय करून ठेवलं ते साठ वर्षं उभं आहे. मी जन्मभर आराखडे काढले, ताई, पण मी काढलेली एकही इमारत इतकी सरळ उभी नाही.

एक मात्र ऐक. फोटो घाल, दगडाची गोष्ट घाल, पण ती नऊ मतांची गोष्ट पत्रकात घालू नकोस. का ते विचारू नकोस. घरात टेबलावर सांगायची गोष्ट वेगळी आणि हजारो लोकांच्या हातात छापून द्यायची वेगळी. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. एवढं माझं ऐकशील तर बरं.

छाती ठीक आहे. जिने चढायचे नाहीत, विमानात बसायचं नाही, आणि सॉसेज खायचं नाही, असा हुकूम आहे. पहिले दोन मी पाळतो.

कॉनी नमस्कार सांगते. माया आहे तशीच ठेव.
तुझा,
लिओ

*

ब्रेनॉक
२१ फेब्रुवारी १९९६, राखेचा बुधवार

चि. लिओ यास,
अनेक आशीर्वाद.

कपाळावर राख लावून लिहायला बसले आहे आणि पोटात काल खाल्लेल्या, मुरंबा भरून तळलेल्या पाच पोलिश पौंचक्या आहेत. उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बेकरीपुढे रांग पार अग्निशमन केंद्रापर्यंत गेली होती. आम्ही तिथेच पत्रकं वाटली. माणसाच्या हातात गरम पौंचकी असली की तो दुसऱ्या हातानं काहीही घेतो.

हो, पत्रकं छापली. तुझं पत्र यायच्या आधीच सहा हजार प्रती फोटोशिवायच छापखान्यातून आल्या होत्या, आणि नऊ मतांची गोष्ट पहिल्या पानावर आहे. आधी आलं असतं तरी मी ऐकलं नसतं. कारण न देता नको म्हणायचं ही आईची खोड, ती तू बरोबर उचललीस. लोक वाटेत थांबवून बाबांबद्दल विचारतात. कसायाच्या दुकानातल्या म्हाताऱ्या पावलाकनं तर माझे दोन्ही हात धरले आणि तुझे वडील देवमाणूस होते म्हणाला.

आणि लिओ, जुने कागद चाळताना मी किती भारावून जाते ते तुला कसं सांगू! मंदीचा तो काळ. खाण बंद, भट्टी बंद, तीन माणसांमागे एक बेकार. मजुरी सरकार द्यायला तयार होतं, पण सिमेंट, लोखंड आणि जमीन गावाची. त्यासाठी अठ्ठेचाळीस हजारांचे रोखे काढायचे होते. ज्या गावात मुलांच्या बुटांना पुठ्ठ्याचे तळवे होते, त्या गावानं चेंडू खेळायच्या मैदानाला हो म्हटलं. वेडे होते का हे लोक? मला नाही वाटत. त्यांना ठाऊक होतं की माणसाला सकाळी उठायला कारण लागतं. बंद खाणीतला दगड चारशे माणसांनी हातगाड्यांवरून आणला. भिंतीत आजही एक दगड हललेला नाही. मी परवा जाऊन प्रत्येक खांबाला हात लावून आले. चौकीदाराला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं.

आईचं मात्र मला कधीच कळलं नाही. बाबांनी बांधलेलं मैदान आणि ही बाई तीस वर्षांत एकदाही आत आली नाही. सदतीस साली उद्घाटनाला आली, तीही दारापर्यंत. मी नऊ वर्षांची, नवा निळा कोट घातलेला. तू तिच्या कडेवर. तिकिटाच्या खिडकीपाशी पोचलो आणि ही एकदम मागे फिरली, बाळाला कणकण आली आहे म्हणाली. नंतर तर सगळी सोयच झाली, तुझ्या सांधेदुखीच्या तापानं तुला अंथरुणात ठेवलं आणि तिला घरी राहायला निमित्त मिळालं. आणि तरी बाबा दर हंगामाच्या पहिल्या सामन्याहून शेंगदाण्यांची पुडी आणायचे आणि न बोलता स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्यापुढे ठेवायचे. ती पुडी मी छातीशी धरून आणायची. तिनं कधी आभारही मानले नाहीत. रागावू नकोस, पण एवढी एक गोष्ट मी तिला अजून माफ केलेली नाही.

व्हिटकॉम्बपेक्षा मला ब्रँट या माणसाची धास्ती वाटते. हॉलिस ब्रँट, औषधांच्या दुकानातला, आता निवृत्त. त्याला दोन्ही प्रस्ताव नकोत. शाळेचं छप्पर गळतं आणि तुम्ही खेळाच्या मैदानाचं छप्पर शाकारता, असं तो विचारतो. शाळेच्या त्याच छपराखाली मी बादल्या ठेवून शिकवलं आहे, त्यामुळे मला उत्तर देताना जड जातं. माणूस खडूस आहे पण खोटं बोलत नाही.

तुझ्या छातीला जप. लोभ आहे तो कमी होऊ देऊ नकोस, सॉसेज मात्र कमी कर.
तुझी,
वांडाताई

*

ब्रेनॉक
११ मार्च १९९६

चि. लिओ यास,
आशीर्वाद.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून घेतलं आहे. गुरुवारी पॅरिश हॉलमध्ये सभा होती, तीनशेच्या वर माणसं. मी बाबांची गोष्ट सांगितली आणि टाळ्या पडल्या. मग ब्रँट उठला. हातात कागद. आवाज अजिबात न चढवता तो म्हणाला की, मिसेस केलर, मला तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण पस्तीस सालची मतदारांची वही नगर कारभाराच्या कचेरीत आहे आणि ती मी पानन् पान वाचली. इग्नात्सी व्रोना हे नाव तीत नाही. तुमचे वडील पोलंडहून आलेले, ते एक्केचाळीस साली नागरिक झाले. त्याआधी त्यांना मतच नव्हतं.

लिओ, तीनशे माणसं माझ्याकडे वळली. पाचवीतला एखादा मुलगा चोरी करताना सापडावा आणि सगळा वर्ग त्याच्याकडे बघावा, तसं झालं. मागून कोणीतरी हसलं. व्हिटकॉम्बच्या माणसानं तर पत्रक उंच धरून दाखवलं, म्हणजे बाकीचे आकडेही असेच का, म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः कचेरीत गेले. ब्रँट खरं बोलला होता. त्या काळचा नियम असा होता की रोख्यांच्या मतदानात नागरिक हवा आणि नावावर घर हवं. आपलं घर आजोबांनी आईच्या नावे केलेलं आणि ती जन्मानं इथलीच. वहीत तिची सही आहे. हेडविग व्रोना, शाई थोडी फुटलेली. आपल्या घरातून एकच मत पडलं आणि ते तिचं.

आता तूच सांग, तिनं ते कुठे टाकलं असेल? दगड चावून पोट भरतं का, असं ती म्हणायची. जिनं मैदानात पाऊल टाकलं नाही तिनं मैदानाला हो म्हटलं असेल? म्हणजे बाबा गावभर जे मिरवत होते ते मत नव्हतंच, आणि जे होतं ते बहुतेक विरुद्ध पडलेलं. नऊऐवजी दहांनी जिंकलो असतो, एवढाच त्याचा अर्थ.

मला बाबांचा राग येतो आहे आणि राग आल्याची लाजही वाटते आहे. जन्मभर ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी खेळ पाहिला तो खोटं सांगत होता. एकवीसला शेवटची सभा आहे. मी समितीतून बाहेर पडायचं म्हणते. माझ्या नावामुळे मैदान जाणार असेल तर माझं नाव गेलेलं बरं. तुला हे आधीच ठाऊक होतं ना? म्हणूनच छापू नको म्हणालास ना?

काय ते खरं लिही. लोभ राहील की नाही ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.
वांडा

*

टूसॉन
१६ मार्च १९९६

ती. वांडाताईस,
लिओचा सा. न.

हो, ठाऊक होतं. आईला वचन दिलं होतं की सांगणार नाही. आज मोडतो आहे. ती अठ्ठावीस वर्षांपूर्वी गेली, बाबा पंचवीस वर्षांपूर्वी, आणि आता या वचनानं फक्त तिचंच नुकसान होतं आहे. मला वाटतं तीही आता मोड म्हणेल. नाही म्हणाली तर वर गेल्यावर मला कोपऱ्यात उभं करील. तुझ्यामुळे मला सवय आहे.

ताई, उद्घाटनाच्या दिवशी मला कणकण आली नव्हती.

हे मला कळलं तेव्हा मी अंथरुणाला खिळलो होतो, दहा वर्षांचा. तू आणि बाबा सामन्याला गेलेले. मी तिला विचारलं की तू का जात नाहीस, आणि तिनं इस्त्री बाजूला ठेवून मला सगळं सांगितलं. मतदान अग्निशमन केंद्रात होतं. बाहेर गारा, आणि मी तिच्या पोटात सात महिन्यांचा. बाबा त्या सकाळीही पोर्चवर बसून छिन्न्यांना तेल लावत होते. चौदा महिने रोज लावत होते. ती गेली, सही केली आणि हो वर फुली मारली. म्हणाली, मला खेळाचं काय कौतुक? मी मत खेळाला नाही दिलं, तुझ्या बाबाच्या हातोड्याला दिलं.

काम सुरू झालं. दुपारच्या सुट्टीत गवंड्यांमध्ये गोष्ट निघाली की कुणी कुणी मत दिलं. सगळे सांगत होते. बाबांना आपल्याला मतच नाही हे सांगायची लाज वाटली. तोंडून निघून गेलं, त्यातलं एक माझं. एकदा गेलेलं परत घेता येईना. घरी येऊन त्यांनी तिच्यापाशी कबूल केलं आणि ती म्हणाली, असू दे, घरातलं मत ते घरातलंच. पण अग्निशमन केंद्रात वही घेऊन बसलेली होती मिसेस डुडेक, आणि आपल्या घरातली सही कुणाची ते तिला ठाऊक होतं. आणि मैदान उघडलं तेव्हा तिकिटाच्या खिडकीत कोण? तीच. आईला बघताच खिडकीतून मान काढून मोठ्यांदा म्हणाली, आल्या का मतदारबाई! मागे दहा पावलांवर बाबा होते, सगळे गवंडी सोबती बरोबर घेऊन. डुडेकबाई पुढे आणखी एक शब्द बोलली असती तर त्या माणसाची चारचौघांत काय शोभा झाली असती! आईनं मला छातीशी धरलं, कणकण आली म्हणाली आणि मागे फिरली.

डुडेकबाई सव्वीस वर्षं त्या खिडकीत बसली. आई त्या दारापाशी पुन्हा गेली नाही. बाबांना का ते ठाऊक होतं. शेंगदाण्यांची पुडी त्यासाठी होती. आभार कुणी कुणाचे मानायचे होते, ते आता तूच बघ.

आणि तिला खेळाचं कौतुक नव्हतं असंही समजू नकोस. तू आणि बाबा तिकडे बसायचात तेव्हा ती रेडिओ लावायची. इस्त्रीच्या फळीवर वही, कानामागे पेन्सिल. प्रत्येक चेंडू, प्रत्येक धाव, घरचा सामना आणि बाहेरगावचाही. मला तिनंच गुणलेखन शिकवलं. तुम्ही फाटकाशी आलात की वही पिठाच्या डब्यामागे. रोज तुला निकाल विचारायची ना? तुझ्याआधीच तिला ठाऊक असायचा. तुझ्या तोंडून ऐकायला तिला आवडायचं.

तिचा एक नियम होता. खोडरबर वापरायचं नाही. एखाद्यानं हातातला चेंडू सोडला तर चूक त्याच्या नावावर लिहायची, कितीही लाडका खेळाडू असला तरी. पण लिहिली की झालं. पुढचा चेंडू त्याच्याकडे आला की पुन्हा त्याच्यावरच भरवसा ठेवून बघायचं. एकदा मी आमच्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, चूक लपवली तर तिनं माझी अख्खी वही परत लिहून घेतली.

वही पाठवतो आहे, शेवटची. बाकीच्या एकोणतीस इथे आहेत, त्या नंतर. सभेत वाच किंवा नको वाचूस. बाबांना खोटं पाडणं तुला जड जाईल हे मला कळतं. मलाही लिहिताना जड गेलं. पण बाई साठ वर्षं दाराबाहेर उभी आहे, ताई.

राग गेला असेल तर लोभ पूर्ववत करावा.
तुझा,
लिओ

*

ब्रेनॉक
२७ मार्च १९९६

चि. लिओ यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

राग कसला घेऊन बसलास. तुझं पत्र मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाचलं, त्याच टेबलाशी. मग उठून उगीचच पिठाच्या डब्यामागे हात घातला. साठ वर्षांत डबे चार बदलले, तरी हात गेला. मग बसून रडले. मी किती सामने पाहिले असतील, हजार? आणि प्रत्येक वेळी घरी येऊन तिला ऐट दाखवत सांगायची की आज काय मजा आली, तू नव्हतीस. ती पोलिश पद्धतीचा कोबी परतत ऐकून घ्यायची आणि विचारायची, मग सातव्या डावात काय झालं? मला वाटायचं, बिचारीला काही कळत नाही.

एकवीसला सभेत गेले.  आधी सांगितलं की ब्रँट खरे आहेत, माझ्या वडिलांना मत नव्हतं, त्यांनी खोटं सांगितलं आणि मी ते सहा हजार प्रतींत छापलं. मग तुझं पत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून. हसणारे कुठे हसले आणि कुठे थांबले ते मला ऐकू येत होतं. छिन्न्यांपाशी आले तेव्हा म्हातारा पावलाक टोपी काढून बसला. शेवटी मी एवढंच म्हणाले की, या मैदानात मत माझ्या आईचं आहे आणि हात माझ्या वडिलांचे, दोन्ही या गावाला फुकट मिळाले, आता तुम्हाला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. खाली उतरताना पायरी चुकले. ब्रँटनं हात दिला.

काल मतदान झालं. ३,९०८ विरुद्ध ३,५६७. आपण जिंकलो, लिओ! व्हिटकॉम्बनं आज सकाळी वर्तमानपत्रात सांगितलं की आपल्याला पहिल्यापासून जुनंच मैदान आवडत होतं. भाड्याच्या करारावर सही करतो म्हणाला. दात तेवढेच पांढरे.

ब्रँट आज दुपारी घरी आला होता. वहीतल्या त्या पानाची छायाप्रत चौकटीत बसवून आणली होती. मी आभार मानले तर म्हणाला, गैरसमज नको, मी काल नाहीवरच फुली मारली, आणि शाळेच्या छपरासाठी पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येणार आहे. मी म्हटलं, या, समितीची अध्यक्ष रिकामीच आहे. मुरंबा खाऊन गेला.

बारा एप्रिलला पहिला सामना. विमानात बसायची तुला बंदी आहे, म्हणून मी ठरवलं आहे की गुणलेखन शिकायचं. अडुसष्टाव्या वर्षी विद्यार्थिनी मिळणार आहे तुला. शिकवणी लगेच पाठव, आणि सूड उगवू नकोस.

तुझ्यावर लोभ होता त्याहून थोडा वाढला आहे, फुशारून जाऊ नकोस.
तुझी,
वांडाताई

*

टूसॉन
२ एप्रिल १९९६

ती. वांडाताईस,
सा. न.

फोनवर निकाल कळला तेव्हा मी अंगणात जाऊन मोठ्यांदा ओरडलो. शेजाऱ्यांना वाटलं माझं हृदय बंद पडलं. कॉनीनं मग एक सॉसेज दिलं, आख्खं.

शिकवणी सोबतच्या चार पानांत आहे. पिचर एक, कॅचर दोन, शॉर्टस्टॉप सहा, हे मैदानातल्या जागांचे आकडे आधी पाठ कर. पाठ झाल्याशिवाय पुढचं पान वाचायचं नाही. प्रत्येक खेळाडूला एक चौकट, धाव पुरी झाली की आतला हिऱ्यासारखा चौकोन काळा करायचा. पेन्सिल दोन घे. खोडरबर घरी ठेव.

आईच्या वहीत शेवटची सहा पानं कोरी आहेत. नवी वही आणू नकोस.

दोघांचा नमस्कार. माया आहेच.
लिओ गुरुजी

*

ब्रेनॉक
१४ एप्रिल १९९६

गुरुजींस,
विद्यार्थिनीचे आशीर्वाद.

सोबत वहीतल्या पानाची नक्कल आहे. तू म्हणतोस ना की लिहिलेलं पान वाचलं की खेळ डोळ्यांसमोर दिसतो, तर बघ, काय दिसतं ते. तिसऱ्या डावात मी दोन चौकटी चुकले, ते दोन्ही चौकटींपाशी लिहून ठेवलं आहे. पाचव्या डावात बर्फाची भुरभुर झाली आणि कागद ओला झाला, तेवढं समजून घे. चार विरुद्ध तीन, आपण जिंकलो.

सातव्या डावात बघ. आपला शॉर्टस्टॉप, दुसऱ्या आणि तिसऱ्या तळामध्ये उभा राहणारा, ओर्टेगा नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, समोर आलेला साधा चेंडू त्यानं पायांतून जाऊ दिला. दोन धावा गेल्या. सगळं मैदान ओरडलं. शेजारी ब्रँट बसला होता, हो, तोच, शेंगदाणे खात. तो म्हणाला, जमीन उंचसखल आहे हो, पोराची काय चूक, चूक नको, मारणाऱ्याचा फटका लिहा. मी पेन्सिलीचं टोक तपासलं. मग चूक पोराच्या नावावर लिहिली. नवव्या डावात शेवटचा चेंडू पुन्हा त्याच्याकडेच गेला, तसाच, जमिनीलगत.  त्यानं तो उचलला आणि फेकला, आणि सामना संपला. मी इतकी ओरडले की ब्रँटचे शेंगदाणे सांडले.

जाताना बाबांच्या कोपऱ्याच्या दगडापाशी थांबले. त्यांच्यावरचा राग शोधून पाहिला, सापडला नाही. एक खोटं बोलला तो माणूस, आणि त्याची किंमत तीस वर्षं पुडीपुडीनं फेडत राहिला. चूक त्याच्या नावावर लिहून झाली आहे. दगड जागच्या जागी आहे.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. तिकिटाच्या खिडकीत हल्ली आयरीन डुडेक बसते, म्हातारीची धाकटी सून. एकवीसच्या सभेत ती होती हे मला ठाऊक नव्हतं. रांगेत माझ्यामागे वीस-पंचवीस माणसं असतील. मी पैसे काढत होते आणि वही बगलेत होती, आईचं नाव बाहेरच्या बाजूला. आयरीननं ते वाचलं. मग खिडकीतून मान बाहेर काढली, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आल्या का मतदारबाई, या, या, आत या!

कुणी मागे फिरलं नाही, लिओ. मी वही छातीशी धरली आणि आम्ही दोघी आत गेलो.

शेंगदाण्यांची पुडी टेबलावर ठेवली आहे. पाच पानं अजून कोरी आहेत, तेव्हा छाती सांभाळ आणि आगगाडीनं ये. गाडीला डॉक्टरची मनाई नाही. लोभ आहेच, तो आता इथे येऊन घेऊन जा.
तुझी,
वांडाताई